मुंग्यांची झुंज : बळ कुणाचे, रणांगण कसे?

आपल्या संतांनी मुंगीला लहानपणाची आणि नम्रतेची खूण मानले. त्यामुळे मुंगी म्हटली की साखरेच्या कणासाठी मुकाट्याने राबणारा जीव आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात मुंगीइतके लढाऊ प्राणी जगात थोडेच असतील. हद्दीसाठी आणि अन्नासाठी एका जातीची दुसऱ्या जातीशी, कधी एकाच जातीच्या दोन वसाहतींची आपसांत, झुंज चालूच असते. घरातली मुले विचारतात, ‘सगळ्यांत बलवान मुंगी कोणती?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका नावात देता येत नाही. त्यासाठी आधी शस्त्रे पाहावी लागतात, मग संख्या आणि शेवटी रणांगण.

मुंग्यांची मुख्य शस्त्रे तीन : जबडा, नांगी आणि आम्ल. अंगणात दिसणाऱ्या मोठ्या काळ्या मुंगळ्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोट पुढे वळवून जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. उलट, अग्निमुंगी आकाराने बारीक, पण नांगीने विष टोचते. त्या जागी आग होते आणि पुटकुळी उठते. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानांत उड्या मारणारी एक मुंगी आहे, हार्पेग्नॅथॉस. तिचे डोळे मोठे, जबडा लांब. ती भक्ष्यावर झेप घेते आणि नांगी मारून त्याला निपचित करते. एकास एक पाहिले तर ती मोठी पट्टीची शिकारी. पण तिच्या वसाहतीत शंभराच्या आसपासच मुंग्या असतात.

आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटे करणारी तांबडी मुंगी सर्वांच्या ओळखीची आहे. कोकणात तिला ओंबील म्हणतात. बस्तरकडे तिची चापडा चटणी करतात. आपल्याच अळ्यांच्या रेशमाने ती पाने चिकटवते. तिची लढण्याची रीत पाहण्यासारखी असते. शत्रू मोठा असला तर एकटी एकटी भिडत नाही. चार-सहा जणी त्याचा एकेक पाय धरून चारी दिशांना ताणतात. ताणलेल्या शत्रूला हलता येत नाही, मग त्याचे तुकडे करणे सोपे जाते. इथे एकेकीच्या बळापेक्षा एकजूट कामाला येते.

मग संख्या मोठी की बळ मोठे? या प्रश्नाचे गणित लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने मांडले. १९१६ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक माणसांच्या युद्धाविषयी होते. मोकळ्या मैदानात अनेकांना मिळून एकावर तुटून पडता येते. तिथे शत्रू संख्येने दुप्पट असेल, तर बरोबरी साधायला आपला प्रत्येक सैनिक चौपट बलवान हवा. शत्रू तिप्पट असेल तर नऊपट. पण अरुंद वाटेत एकास एक अशीच गाठ पडते. तिथे दुप्पट शत्रूसाठी दुप्पट बळ पुरते.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांनिशी घोडखिंड अडवली. तीच पुढे पावनखिंड झाली. तेच मावळे उघड्या माळावर उभे असते, तर सिद्दीच्या फौजेने त्यांना चहूबाजूंनी घेरले असते. खिंडीत मात्र फौजेच्या संख्येचा उपयोग झाला नाही.

हाच नियम १९९३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी मुंग्यांना लावून पाहिला. पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. आधी संगणकावरच्या एका युद्धखेळात, मग खऱ्या मुंग्यांवर. एका बाजूला तिथली मूळची, अंगाने मोठी मांसमुंगी. दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली, लहान पण संख्येने अफाट अशी अर्जेंटिनी मुंगी. सपाट मैदानात मांसमुंग्या जास्त मेल्या, अडथळ्यांच्या जागेत कमी. मुंग्या त्याच होत्या. बदलले ते रणांगण.

यावरून त्या संशोधकांनी एक इशारा दिला आहे. आपण जमीन जितकी साफ आणि एकसारखी करू, तितका संख्येच्या जोरावर पसरणाऱ्या परक्या मुंग्यांना फायदा होईल. अशी एक मुंगी आपल्या देशातही आहे. पिवळी वेडी मुंगी. ती एकेकटी दुबळी असते, तिला नांगीही नसते. पण तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि शेजारच्या घरट्यांशी ती भांडत नाही, म्हणून तिची संख्या बेसुमार वाढते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर तिने आम्ल फवारून लाखो तांबडे खेकडे मारले. २०२२ मध्ये तमिळनाडूत करंदमलै डोंगराच्या पायथ्याच्या गावांत तिने गुराढोरांना हैराण केले.

आता आपल्या बैहरकडे वळू. सालाच्या रानात पाचोळा, पडकी खोडे, मुळ्या आणि वारुळे यांची दाटी असते. आपल्याला तो केरकचरा वाटतो. मुंगीला त्यात शेकडो पावनखिंडी सापडतात. अशा जागेत थोड्या पण दमदार मुंग्यांनाही टिकाव धरता येतो. मोहाच्या दिवसांत फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्यामागची गरज खरी आहे. पण जाळलेली जागा मैदान होते, आणि मैदानात संख्येचेच राज्य चालते. फुले झेलायला झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरली तरी काम भागते. परसातही एक कोपरा न झाडता ठेवता येईल.

म्हणून मुलांनी पुन्हा विचारले, की सगळ्यांत बलवान मुंगी कोणती, तर त्यांना उलट विचारावे : ‘कुठल्या जमिनीवर?’ ती जमीन कशी ठेवायची, हे मात्र बरेचसे आपल्याच हाती आहे.