उन्हाळा संपता संपता गोधड्या का शिवतात? आणि ‘फुकट’ बनणाऱ्या गोधडीची खरी किंमत किती?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. विदर्भात नवतपा सुरू झालेला असतो. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, कूलरचं पाणी दर दोन तासांनी संपतं आणि दुपारी बाहेर पडायची कुणाची हिंमत होत नाही.

अशा वेळी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडच्या एखाद्या घरात डोकावलं, तर काय दिसेल? एका कोपऱ्यात वाळलेले पापड, कुरड्या, शेवया, सरगुंडे डब्यात भरून ठेवायचं काम चाललेलं असेल. आणि दुसरीकडे जमिनीवर जुनी साडी अंथरून, तिच्यावर कपड्यांचे थर लावून, आजी किंवा सासू-सुना गोधडी शिवत बसलेल्या असतील.

बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि घरात पांघरुणं शिवणं चालू! ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यामागे पक्कं गणित आहे. आणि त्याच गणितात एक असा आकडा लपलाय, जो सहसा कुणीच मोजत नाही.

मेमध्येच का?

लाखनी हे नागपूर-रायपूर महामार्गावरचं, भंडारा आणि साकोलीच्या मधलं गाव. हा भाग तलावांचा आणि धानाचा. इथल्या बाईचं वर्ष धानाभोवती फिरतं.

जूनमध्ये पाऊस आला की पऱ्हे टाकायचे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं काम, आणि ते बहुतेक बायकाच करतात. मग निंदण. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणी आणि मळणी. हिवाळ्यात लाखोळी, जवस, हरभरा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणं, पुढे तेंदूपत्ता. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचा उन्हाळी धानही मेमध्येच निघतो.

या सगळ्यात सलग हात मोकळे मिळतात ते फक्त उन्हाळ्याच्या शेवटी, आणि तेही दुपारीच. सकाळ-संध्याकाळ पाणी, सरपण, कवेलू फेरणं, वाळवणं अशी कामं असतातच. पण दुपारी ऊनच घराबाहेर पडू देत नाही. म्हणून ते तास सुई-दोऱ्याला मिळतात.

दुसरं कारण उन्हाचंच. गोधडी शिवायच्या आधी जुने कपडे धुवून कडक वाळवावे लागतात. थरांमध्ये ओल राहिली तर बुरशी धरते आणि वास जाता जात नाही. घरातल्या जुन्या गोधड्याही याच दिवसांत गरम पाण्यात सोडा टाकून भिजवतात, आपटून धुतात आणि उन्हात टाकतात. भिजलेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. मेच्या उन्हात जी एक-दोन दिवसांत खडखडीत वाळते, ती जुलैत आठवडाभर टांगली तरी ओलीच राहते.

उन्हाचा आणखी एक फायदा आहे. पन्नास अंशांच्या आसपासचं तापमान बराच वेळ मिळालं, तर ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. नवतप्यातल्या दुपारी पत्रा किंवा स्लॅब एवढा सहज तापतो. फक्त गोधडी जाड असल्यामुळे आतल्या थरांपर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. म्हणून ती मधूनमधून उलटवावी लागते. आजी दर तासाला ‘ती गोधडी पालटून ये’ म्हणते, ते उगाच नाही.

आणि तिसरं कारण म्हणजे पुढचे दिवस. जूनच्या मध्यावर पाऊस आला की अंगणात टाकलेल्या खाटा आत येतात, जमीन गार पडते. अंथरायला आणि पांघरायला दोन्हीकडे गोधडी लागते. गरज पडायच्या आधी तयारी, एवढंच.

गोधडी ऊब कशी देते?

गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. आपल्या अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही.

हे काम कापडापेक्षा जास्त करते ती हवा. एकाच जागी अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते. गोधडीत पाच-सहा थर असतात आणि दोन थरांच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकलेला असतो. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा, तेवढ्याच वजनाचे चार पातळ थर जास्त उबदार वाटतात.

मग इतके टाके कशाला? थर जागेवर राहावेत म्हणून. टाके विरळ असतील तर दोन-तीन धुण्यांतच आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होतं. मग गोधडी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे नुसता कपडा. बारीक धावदोरा थरांना एकत्र धरतो, पण हवाही पूर्ण दाबून टाकत नाही.

कापड कोणतं, यालाही महत्त्व आहे. सुती कापड हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती गोधडीत घाम आला तरी चिकचिक होत नाही, आणि सिंथेटिक साड्यांच्या गोधडीत मध्यरात्री पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं. शिवाय सिंथेटिक साडी सुईखाली घसरते, थर सरळ बसत नाहीत. आणि ठिणगी पडली तर ती वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात ही साधी गोष्ट नाही.

शिवतात कशी?

पद्धत घरोघरी थोडी बदलते, पण पायऱ्या साधारण अशा.

आधी जमीन सारवून किंवा पुसून साफ करतात. खाली एक धड साडी किंवा धोतर ताणून अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाटा-वरवंटा ठेवतात. त्यावर विरलेल्या साड्या, जुनी लुगडी, सदरे, फाटक्या चादरी. जिथे कापड जास्त विरलंय तिथे वरून ठिगळ. सगळ्यात वर पुन्हा एक चांगली साडी, शक्यतो आवडत्या रंगाची. काठ आणि पदर फेकत नाहीत. ते कडेला लावतात, कारण गोधडी आधी कडेनंच फाटते.

मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना जुळवून घेतात. त्यानंतर खरं काम सुरू होतं. कडेपासून धावदोरा घालत एकेक ओळ आत सरकायची. कुणी सरळ रेषेत जातं, कुणी चौकोनात फिरत मध्यापर्यंत पोहोचतं. मोठी गोधडी असेल तर समोरासमोर दोघी बसतात. शेजारीण गप्पा मारायला आली तर तिच्याही हातात सुई दिली जाते. उद्या तिची गोधडी निघाली की परतफेड होते.

पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. संस्कृतात चिंध्यांच्या पांघरुणाला कंथा हा शब्द आहे. आणि विदर्भाला तर या वस्तूची वेगळीच ओळख आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज चिंध्यांचं पांघरूण अंगावर घेऊन फिरायचे. लोक त्यांना ‘गोधडेबुवा’, ‘चिंधेबुवा’ म्हणून ओळखायचे.

आता तो न मोजलेला आकडा

‘घरच्याच जुन्या साड्या, घरचाच दोरा, खर्च काय त्यात?’ गोधडीबद्दल हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आता साधा हिशोब करून बघू.

समजा गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. म्हणजे साधारण २.१ मीटर बाय १.५ मीटर. साडेपाच मीटरच्या एका साडीतून एवढ्या आकाराचे जवळपास दोन थर निघतात. सहा थर हवे असतील तर तीन साड्या, आणि फाटके भाग वगळले तर चार.

दोन ओळींमध्ये दीड सेंटिमीटर अंतर ठेवलं तर रुंदीत १०० ओळी बसतात. प्रत्येक ओळ २.१ मीटरची. म्हणजे एकूण २१० मीटर शिलाई. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका गोधडीत सुमारे २१ हजार टाके.

सहा थरांतून सुई काढायची आहे. मिनिटाला दहा टाके हा वेगही वाईट नाही. त्या वेगाने २,१०० मिनिटं, म्हणजे ३५ तास. रोज दुपारी दोन तास बसलं तर सतरा-अठरा दुपारी. अख्खा नवतपा आणि वर आणखी एक आठवडा. यात कपडे धुणं, वाळवणं, थर लावणं धरलेलंच नाही.

आता याला मजुरी लावू. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर ३५ तासांचे होतात साधारण १,३०० रुपये. तेही अकुशल कामाच्या दराने. सरळ रेषेत २१ हजार टाके घालणं अकुशल काम आहे का, हे ज्यानं त्यानं सुई हातात घेऊन ठरवावं.

म्हणजे ‘फुकट’ गोधडी किमान तेराशे रुपयांची आहे. फक्त ते पैसे कुणी कुणाला दिलेले नसतात.

हे गोधडीपुरतंच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणारी भारतीय स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते. पुरुषाची सरासरी आहे ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. दुपारच्या ‘विश्रांती’त शिवलेली गोधडी याच मिनिटांतून येते.

बाजारात मग भाव का मिळत नाही?

कारण समोर मशीनवर बनलेलं ब्लँकेट असतं. आठवडी बाजारात काही शे रुपयांत मऊ, रंगीत, हलकं ब्लँकेट मिळतं. त्यापुढे हाताची गोधडी तेराशेला सांगितली, तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुन्या कपड्यांचे एवढे?’

याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा. मोहाडी, आंधळगाव ही गावं कोशाच्या विणकामासाठी ओळखली जातात. विदर्भाच्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती साडी पहिल्यापासून विकण्यासाठी विणली गेली, त्यामुळे विणकराची मजुरी भावात धरली जाते. गोधडी घरासाठी शिवली गेली, म्हणून तिची मजुरी कधी लिहिलीच गेली नाही.

पण हे बदलू शकतं. बिहारच्या सुजनीला २००६ मध्ये आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही मुळात जुन्या साड्यांच्या गोधड्याच. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. या कवंद्या आज संग्राहक विकत घेतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र अमेरिकेतलं. अलाबामा राज्यातलं जीज बेंड हे गरीब कृष्णवर्णीयांचं गाव. तिथल्या बायकाही थंडीपासून वाचायला कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. १९६६ मध्ये त्या भागात बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि जगभर नाव झालं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. आणि २००७ मध्ये? योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून त्यातल्या काही बायका कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं.

यातून धडा एकच. नाव झालं म्हणून दाम मिळतोच असं नाही. हिशोब शिवणारीनं आधीच मांडून ठेवावा लागतो.

विकायची असेल तर काय करावं?

पहिली गोष्ट, तास लिहून ठेवा. कॅलेंडरवर रोजच्या दुपारची नोंद केली तरी पुरे. गोधडी पूर्ण झाली की भाव ‘अंदाजे’ सांगावा लागत नाही.

दुसरं, थर किती आणि कापड कोणतं ते गिऱ्हाइकाला सांगा. पूर्ण सुती, सहा थर, हाताचा टाका ही माहिती मशीनच्या ब्लँकेटपासून गोधडीला वेगळं करते. लहान मापापासून सुरुवात करता येते. बाळाच्या दुपट्याएवढी गोधडी कमी तासांत होते आणि लवकर खपते.

तिसरं, एकट्यानं विकण्यापेक्षा बचत गटातून जा. ‘माविम’ म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करतंय, आणि ‘उमेद’ अभियान २०११ पासून. उमेदच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावागावांतल्या गटांचा माल शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो.

आणि विकायची नसेल तर? मग निदान घरात तिचा हिशोब माहीत असू द्या. सगळ्या गोधड्या बाजारात जाव्यात असं मुळीच नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी, नातवासाठी शिवलेल्या गोधडीला भाव लावायचा नसतो. पण ती शिवताना सतरा-अठरा दुपारी गेल्या, हे पांघरणाऱ्याला कळायला काय हरकत आहे?

तुमच्याही घरी लोखंडी पलंगाखाली नाहीतर माळ्यावर एखादी जुनी गोधडी असेलच. पाऊस यायच्या आत ती काढा, एक दिवस कडक ऊन दाखवा. आणि वाळत घालताना एका ओळीतले टाके मोजून बघा, मग ओळी मोजा. जो आकडा येईल, तो शिवणारीला फोन करून सांगा.