होडीची मोरी

आपल्या घरांतील मोरींतून पाणी बाहेर जातें, आंत येत नाहीं. याचें श्रेय आपण मोरीला देतों. वास्तविक तें उताराचें आहे. मुसळधार पावसांत रस्त्यावरील गटार तुंबलें म्हणजे तीच मोरी उलटी वाहूं लागते, हा अनुभव पुष्कळ मुंबईकरांना आहे. लहान मच्छीमार होडीचें दुखणें हेंच. मात्र तिच्या दाराबाहेर गटार नसून समुद्र असतो.

फायबरच्या कांहीं होड्यांत उभें राहण्याच्या तळाखालीं बंद पोकळी ठेवलेली असते. त्यामुळें तो तळ बाहेरच्या पाण्याहून तीन-चार अंगुळें उंच राहतो, आणि लाटेचें पाणी आंत आलें तर मागच्या आडव्या फळीच्या बुडाशीं असलेल्या भोकांवाटे निघून जातें. योजना नामी, परंतु ती हलक्या होडीची. मागें टांगलेलें यंत्र, इंधनाचा डबा, बर्फाची पेटी, ओलें जाळें आणि दोन-तीन माणसें मागच्या बाजूसच जमलीं कीं तें अंग खालीं बसतें, भोकें पाण्याखालीं जातात आणि मोरी उलटते.

भोक ४ सेंटिमीटर व्यासाचें असून तें पाण्याखालीं ५ सेंटिमीटर गेलें, तर आरंभीं मिनिटाला सुमारें ४५ लिटर पाणी आंत येतें. त्या भारानें मागचें अंग आणखी बसतें. ४ मीटर लांब व दीड मीटर रुंद तळावर ५ सेंटिमीटर पाणी सांचलें, तर त्याचें वजन ३०० किलोंच्या वर जातें. म्हणजे चार-पांच माणसें झालीं, आणि हीं माणसें एका जागीं बसणारीं नव्हेत! होडी डावीकडे कलली कीं सगळें पाणी डावीकडे धांवतें व तिला आणखी कलवितें. भरून बुडण्यापूर्वींच होडी उलटते ती अशी.

माझा एक जुना विद्यार्थी हर्णैस मासेमारी करतो. दोन वर्षांमागें त्यानें मला होडींतून नेलें, तेव्हां दोन्ही भोकांत चिंध्या कोंबलेल्या पाहून मीं त्याला शाबासकी दिली. पाऊण तासानें मागून एक लाट आंत आली. पाणी घोट्यापर्यंत चढलें, आणि त्याला बाहेर वाट नव्हती. फुगलेल्या चिंध्या हातानें निघेनात. त्यानें मला नाळेकडे पिटाळलें, सुरीनें चिंध्या उकरल्या व यंत्राचा वेग वाढविला, तेव्हां कोठें पाणी ओसरलें. शाबासकी मीं तेथेंच परत घेतली.

तेव्हां भोक बुजवूं नये. त्याला बाहेर उघडणारी झडप असावी. वरच्या कडेनें अडकविलेल्या रबराच्या तुकड्याला आंतलें पाणी ढकलून जातें, आणि बाहेरचें पाणी त्यालाच फळीवर दाबून धरतें. पण माशाचें एखादें खवल किंवा जाळ्याचा धागा अडकला तरी ती उघडी राहते. उन्हानें रबर ताठरतें तें निराळेंच. बूच मारून होडी रात्रभर नांगरावी, तर पावसाचें पाणी आंत कोंडतें. शिवाय तळच समुद्राच्या पातळीखालीं गेला असेल, तर उत्तम झडपही तो कोरडा करूं शकत नाहीं. म्हणून पहिला उपाय वजनाचा. बंदरांत, पुरा भार चढवून, भोकें पाण्याच्या किती वर राहतात तें पाहावें.

त्या विद्यार्थ्यानें बर्फाची पेटी चार फूट पुढें सरकविली आहे. गेल्या खेपेस भोकें पाण्याच्या दोन अंगुळें वर होतीं. मीं स्वतः वांकून मोजलें.