विमानाला डोंगर कसा कळतो?

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला गेलेल्यांनी पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्या असतीलच. सांगलीकरांना ढालगावच्या माहीत आहेत. आता समजा, ढग खाली उतरलेत आणि एक विमान तिकडे येतंय. वैमानिकाला पुढचं कोण सांगणार? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

आधी डोंगर. ७ जुलै १९६२ ला मुंबईकडे येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, असं समजून विमान लवकर खाली आणलं गेलं होतं. पुढे सत्तरच्या दशकात जमिनीची सूचना देणारं यंत्र आलं. ते रेडिओ लहरी खाली सोडतं आणि परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतं. पण ते बघतं फक्त पोटाखाली. सह्याद्रीसारखा सरळ कडा समोर आला, तर इशारा उशिरा मिळणार. म्हणून नव्वदच्या दशकात त्याला नकाशाची जोड दिली. विमान कुठे आहे हे जीपीएस सांगतं, पुढे काय आहे हे साठवलेला नकाशा सांगतो. मग आवाज येतो, ‘टेरेन, पुल अप!’

दुसरं यंत्र टीकॅस. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ बळी गेले. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना हे यंत्र सक्तीचं झालं. ते आसपासच्या विमानांना ‘तू किती उंचीवर?’ असं विचारत राहतं. समोरच्या विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. धोका दिसला, की दोन्ही यंत्रं आपसात ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतात. २००२ मध्ये जर्मनीत युबरलिंगेनवर एका वैमानिकाने यंत्राऐवजी नियंत्रकाचं ऐकलं. दोन्ही विमानं खालीच गेली. ७१ मृत्यू. तेव्हापासून नियम पक्का: दोघांचं जुळलं नाही, तर यंत्राचं ऐकायचं.

आता आपली पवनचक्की. तिच्यात ट्रान्सपॉन्डर नाही, म्हणजे टीकॅसच्या लेखी ती नाहीच. नकाशावाल्या यंत्रालाही ती कळते, पण तिची जागा आणि उंची त्यात कुणी भरली असेल तरच. आणि कराडच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानांत ही यंत्रं असतीलच असं नाही. तिथे कामी येतो तो चक्कीवरचा लाल दिवा आणि वैमानिकाची नजर.

म्हणून मनोरा उभा राहिला, की त्याची नोंद होणं हा नुसता कागदी सोपस्कार नाही. यंत्राला जे सांगितलेलं असतं, तेवढंच ते बघू शकतं.