मद्यपी रुग्ण, यकृत आणि आसवारिष्टे

यकृताची तक्रार दिसली की आपल्या लेखणीतून कुमार्यासव सहज उतरते. आम्हीही अनेक वर्षे तसेच लिहीत आलो. एकदा दोन महिने मद्यापासून दूर असलेला रुग्ण अरुची व उदरगौरव घेऊन आला. आसवाच्या पहिल्याच मात्रेनंतर अर्ध्या तासात त्याचा चेहरा लाल झाला, धडधड व मळमळ सुरू झाली. व्यसनमुक्तीसाठी त्याला डायसल्फिराम चालू होते. आम्ही ते विचारले नव्हते. सुदैवाने लक्षणे शमली. त्या चुकीतून प्रस्तुत लेखाचा विचार सुचला.

आमाशय : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 24 व्या अध्यायात मदात्ययाचे विवेचन आहे. लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी व विशद हे मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांना विरोधी होत. त्यांतील उष्ण, तीक्ष्ण व अम्ल गुणांचा पहिला आघात आमाशयावर होतो. श्लेष्मल आवरण क्षीण होऊन शोथ व व्रण संभवतात. सकाळची मळमळ, अम्लोद्गार व अन्नद्वेष ही लक्षणे केवळ अम्लपित्त समजून सोडू नयेत. रक्तवमन किंवा डांबरासारखा काळा मल आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

यकृत : अल्कोहोलचे मुख्य पचन यकृतात होते. त्यापासून प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य व पुढे अ‍ॅसिटेट बनते. या क्रियेत मेदाचे ज्वलन मंदावून तो यकृतपेशींत साठतो. ही पहिली अवस्था बहुधा लक्षणहीन असते आणि मद्य पूर्ण बंद केल्यास काही आठवड्यांत निवळू शकते. पुढे शोथ, त्यानंतर सिरॉसिस व जलोदर. रक्ततपासणीत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्यजन्य विकृतीचा संशय घ्यावा.

आसवांचा प्रश्न : आसवारिष्टांत स्वयंजनित अल्कोहोल साधारणतः 5 ते 12 टक्के असते. 10 टक्के धरल्यास दिवसाच्या 40 मिलीतून सुमारे 3 ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. 180 मिली व्हिस्कीतील सुमारे 60 ग्रॅमच्या तुलनेत हे अल्प खरे. परंतु मद्य सोडलेल्या रुग्णास तोच वास व तीच चव पुन्हा व्यसनाकडे नेऊ शकते. सोडलेले मद्य पुन्हा एकाएकी अतिमात्रेत घेतल्याने होणारे ध्वंसक व विक्षय आपणांस शास्त्राने सांगितलेच आहेत. म्हणून अशा रुग्णांत अवस्था पाहून फलत्रिकादि क्वाथ, कुटकी किंवा भूम्यामलकी चूर्णरूपाने योजावी. मात्र मद्यत्यागावाचून कोणतेही यकृत्-औषध पुरेसे नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

रोज अतिमद्यपान करणाऱ्यास 'आजपासून बंद' एवढेच सांगून घरी पाठवू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत कंप व आक्षेप, तर दोन ते चार दिवसांत प्रलाप उद्भवू शकतो. तो प्राणघातक ठरू शकतो. असे मद्य वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावे.

औषधविक्रेते बंधूंनीही आसवाची बाटली देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : "मद्य घेता का? ते सोडण्यासाठी काही गोळ्या चालू आहेत का?" हेच दोन प्रश्न आमच्या केसपेपरवर आता औषधयोजनेच्या आधी छापलेले आहेत.