व्हेनिसला जावे, पण उतरावे कोठे?

परदेशच्या प्रवासाची तयारी करताना आपण तिकिटांची दहा ठिकाणी चौकशी करतो, थंडीचे कपडे जमवतो, चिवड्या-लाडवांचे डबे भरतो. उतरायचे कोठे, हा प्रश्न मात्र सहल काढणाऱ्या कंपनीवर किंवा दरपत्रकातल्या सर्वांत लहान आकड्यावर सोपवून मोकळे होतो. इतर शहरांत त्याने फारसे बिघडत नाही. गैरसोयीच्या जागी पडलो तरी एखादे वाहन केले की भागते. इटलीतील व्हेनिस या कालव्यांच्या शहरात तसे भागत नाही. तेथे रस्त्यावर मोटार नाही, रिक्षा नाही, सायकल चालवण्यासही मनाई. माणसाला वाहने दोनच : पाण्यावरची नाव आणि स्वतःचे पाय. तेव्हा राहण्याच्या जागेची निवड हाच तेथे अर्धा प्रवास होय. शिवाय त्या निवडीत आपल्या सोयीपलीकडचेही काही गुंतलेले आहे. ते काय, हे सांगण्याचा येथे आमचा विचार आहे.

प्रथम शहराची ठेवण पाहू. समुद्राला लागून असलेल्या उथळ खाजणात शंभराहून अधिक लहान लहान बेटे. त्यांच्या चिखलात लाकडी खुंट ठोकून, त्यांवर दगडाचा थर देऊन उभारलेली घरे. आणि बेटांना जोडणारे चारशेहून अधिक पूल. मधून एक मोठा कालवा उलट्या एस अक्षरासारखा वळत जातो. त्याची लांबी सुमारे पावणेचार किलोमीटर, पण त्यावर पूल अवघे चार. १८४६ साली आगगाडीचा पूल झाला, तोवर हे शहर मुख्य भूमीला जोडलेलेच नव्हते. मोटारींचा पूल १९३३ सालचा. आगगाडी आणि मोटार या दोन्ही आजही शहराच्या पश्चिम टोकाशी थांबतात. तेथून पुढे सामान उचलायचे ते आपण. पुलांना पायऱ्या असतात, त्यामुळे चाकांची पेटी दर पुलावर हातात घ्यावी लागते. नकाशावर दहा मिनिटांची दिसणारी वाट सहा पूल मध्ये आले की म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास घेते. जागा ठरवताना अंतर विचारू नये, पूल किती ते विचारावे.

पुण्यात जशा पेठा, तशा येथे सहा पेठा आहेत : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे क्रमांक रस्त्यावार नसून पेठवार असतात व ते हजारांत जातात. ‘कास्तेल्लो, अमुक हजार अमुक’ एवढ्या पत्त्यावर घर शोधू म्हणणाऱ्याची गल्ल्यांतून चांगलीच दमछाक होते. म्हणून जवळचा चौक कोणता आणि नावेचा थांबा कोणता, ही दोन नावे आधी लिहून घ्यावीत.

आता एकेक पेठ पाहू. सान मार्को म्हणजे शहराचे देवघर आणि राजवाडा. संत मार्कचे मंदिर, दोजेंचा म्हणजे तेथील निवडलेल्या राज्यप्रमुखांचा प्रासाद, सारे येथेच. स्वाभाविकच दरही येथे सर्वांत चढे. दिवसा पाऊल ठेवायला जागा नसते. रात्री प्रवासी पांगले म्हणजे खिडक्या अंधाऱ्या, कारण आत राहणारे थोडे. शिवाय हा भाग सखल आहे. भरती ८० ते ८५ सेंटिमीटरांवर गेली की मुख्य चौकात पाणी येऊ लागते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटर चढले होते, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७. खाजणाच्या तोंडाशी बसवलेले पोलादी दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी भरतीच्या वेळी प्रथम उचलले गेले, तेव्हापासून मोठ्या पुराची भीती कमी झाली. परंतु दरवाजे सुमारे ११० सेंटिमीटरांचा अंदाज असला म्हणजे उचलण्याचे ठरलेले आहे. त्याहून लहान भरतीचे पाणी सखल भागात येतेच. हिवाळ्याच्या आरंभी जाणाऱ्याने तळमजल्यावरची खोली घेऊ नये.

कास्तेल्लो ही आमच्या मते कामकऱ्यांची पेठ. व्हेनिसच्या लोकराज्याची गोदी, आर्सेनाल, येथे. जगाला कारखाना हा शब्द नीट ठाऊक होण्याच्या कितीतरी शतके आधी येथे हजारो सुतार, फटी बुजवणारे कारागीर, दोर वळणारे एका आवारात काम करीत. शिडे शिवायला बाया असत. ठरीव मापाचे भाग तयार ठेवून गलबते एकामागून एक जोडून बाहेर काढण्याची पद्धत येथे रूढ होती. दोर वळण्याची एकच इमारत ३०० मीटरांहून लांब आहे. या कामगारांची घरे गोदीच्या भोवतीच होती. या पेठेच्या पूर्व टोकाला वाया गारिबाल्दी नावाचा रुंद रस्ता आहे. नेपोलियनच्या अमलात १८०७ साली कालवा बुजवून तो केला. तेथे भाजीवाला दिसतो, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या दिसतात, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात. मुख्य चौकापासून हे सारे पायी वीसएक मिनिटांवर आहे.

कान्नारेजो ही पेठ स्टेशनाला लागून. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्या सोयीची. येथेच १५१६ साली व्हेनिसच्या सरकारने यहुदी लोकांना एका लहानशा बेटावर कोंडून टाकले. रात्री फाटके बंद होत. ‘घेटो’ हा शब्द जगाला येथून मिळाला. वस्ती वाढली, जमीन वाढू दिली नाही. मग घरे वर चढली. बुटक्या छपरांचे मजल्यावर मजले आजही उभे आहेत. १७९७ साली फ्रेंच सैन्य आले तेव्हा ती फाटके मोडली. दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या इमारतींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दोर्सोदुरोत विद्यापीठ आहे, चित्रांचे मोठे संग्रहालय आहे, गोंदोला नावा बांधण्या-दुरुस्तीचा जुना कारखाना आहे. विद्यार्थ्यांमुळे खाणे थोडे स्वस्त. समोर पाण्यापलीकडे जुदेक्का हे लांबट बेट याच पेठेत मोडते. तेथे स्टुकी नावाच्या मालकाची प्रचंड पिठाची गिरणी होती. ती १९५५ साली बंद पडली. २००७ साली त्याच इमारतीत मोठे हॉटेल उघडले. लाल विटांचा तो डोंगर पाहिला म्हणजे गिरणगावातल्या माणसाच्या काळजात चर्र होते. १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरण्यांच्या जागी काय काय उभे राहिले, ते आपण पाहिलेच आहे. तरीही जुदेक्कावर गृहसंस्थांची घरे आहेत, लोक आहेत. मात्र नावेवाचून तेथून हलता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सान पोलो आणि सांता क्रोचे या पेठा शहराच्या मध्यावर. रियाल्टोचा भाजीबाजार आणि मासळीबाजार सान पोलोत आहे. मलबारच्या मिऱ्यांचा युरोपातला मोठा व्यापार याच परिसरात चाले. त्या व्यापाराच्या ओघात व्हेनिसचे सोन्याचे नाणे आपल्या किनाऱ्याला लागले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे कोरलेला असे. आपल्या लोकांनी त्या आकृतींवरून त्या नाण्याला ‘पुतळी’ म्हटले आणि त्याच्या माळा ओवल्या. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ म्हणजे व्हेनिसशी आपले जुने नाते.

राहता राहिले मुख्य भूमीवरचे मेस्त्रे. आपल्याकडच्या सहली बहुधा येथे किंवा आणखी लांब उतरतात, कारण दर कमी. आगगाडीने व्हेनिस दहाएक मिनिटांवर आहे. बस आणि ट्रामही आहेत. हे गाव कुरूप म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे. ती आम्हाला मान्य नाही. व्हेनिसचा खरा कामगार आज बहुतेक येथेच राहतो. शेजारच्या मार्गेरा बंदरात १९१७ पासून कारखाने उभे राहिले. तेथील रसायनांच्या कारखान्यात विषारी वायूने कामगार कर्करोगाला बळी पडले. गाब्रिएले बोर्तोलोत्सो या कामगाराने चिकाटीने माहिती गोळा करून १९९४ साली सरकारी वकिलाकडे दिली. खटला १९९८ साली सुरू झाला, २००१ साली आरोपी सुटले, २००४ साली अपिलात काहींना दोषी ठरवले गेले. फिर्याद देणारा मात्र १९९५ सालीच अपघातात वारला होता. व्हेनिसच्या सौंदर्याची पोस्टकार्डे विकत घेताना खाजणाच्या या काठाचीही आठवण असावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली गेली. २००८ साली काही नागरिकांनी रियाल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांची संख्या दाखवणारा फलकच लावला. २०२३ साली पर्यटकांसाठी असलेल्या खाटांची संख्या रहिवाशांहून अधिक झाल्याची मोजणी प्रसिद्ध झाली. कारणे अनेक आहेत. तळमजले ओले, कारखान्यांचे काम मुख्य भूमीवर, जुन्या घरांची डागडुजी महाग. परंतु अलीकडचे मोठे कारण भाडे हे आहे. रहिवाशाकडून महिन्याच्या हिशेबाने मिळणाऱ्या पैशापेक्षा प्रवाशाकडून रात्रीच्या हिशेबाने अधिक मिळतो. मग बिऱ्हाड निघते, किल्ली प्रवाशाच्या हाती जाते. बिऱ्हाडे निघाली की वाणी दुकान बंद करतो, त्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. वाणी गेला की उरलेली बिऱ्हाडेही निघतात. खोल्या झाडणारी बाई, ताटे धुणारा पोरगा हे पहाटेच्या गाडीने मेस्त्रेहून येतात आणि रात्री परत जातात.

येथे कोणी विचारील, मग जाऊच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. प्रवाशांच्या पैशावर तेथे हजारो चुली पेटतात, आणि पोट भरणाऱ्या धंद्यावर बहिष्कार घालणे ही कामगार चळवळीची शिकवण नव्हे. तसेच ‘जेथे लोक राहतात तेथे उतरा’ एवढे सांगूनही भागत नाही. कास्तेल्लोतले रिकामे केलेले बिऱ्हाडच आपण भाड्याने घेतले, तर ज्या शेजाराच्या ओढीने गेलो तोच आपण मोडला असे होईल. म्हणून पेठ निवडताना दुसराही प्रश्न विचारावा : ही जागा पूर्वीपासून प्रवाशांसाठी आहे, की कोणाचे घर होते? लहान हॉटेले, जुन्या खानावळीवरच्या खोल्या, काही मठांनी चालवलेल्या अतिथिगृहांतल्या साध्या स्वच्छ खोल्या यांना आधी पसंती द्यावी. घर घ्यायचेच असेल तर मालक स्वतः तेथे राहतो काय ते पाहावे. १ जानेवारी २०२५ पासून अशा प्रत्येक जागेला सरकारी ओळखक्रमांक सक्तीचा झाला आहे. तो जाहिरातीत नसेल तर तिकडे फिरकू नये.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा प्रवासी गर्दी देतो, केर देतो आणि शहराला फार थोडे देतो. म्हणून २०२४ साली ठरावीक दिवशी अशा प्रवाशांवर ५ युरोंचा प्रवेशकर बसवला गेला. २०२५ साली आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी तो १० युरो झाला. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला तो पडत नाही, आणि मेस्त्रे त्या हद्दीतच आहे. मुक्कामावरचा निराळा कर मात्र त्याच्याकडून घेतला जातो. युरोपची नऊ शहरे बारा दिवसांत उरकण्यापेक्षा एकात तीन रात्री राहावे. त्यात डोळ्यांना अधिक मिळते, आणि तेथल्या माणसांनाही.

सारांश एवढाच. थकलेल्या पायांनी कान्नारेजो किंवा सांता क्रोचेत स्टेशनाजवळ उतरावे. चालणाऱ्यांनी पूर्व कास्तेल्लो धरावे. चित्रांच्या शौकिनांनी दोर्सोदुरो पाहावे. खिसा हलका असेल त्याने मान खाली न घालता मेस्त्रेला राहावे. सान मार्को सूर्योदयापूर्वी पाहून यावे, तेव्हा ते फुकट आणि मोकळे असते. आणि कोठेही उतरलो तरी निघण्याच्या सकाळी खोली झाडणाऱ्या बाईच्या नावाची चौकशी करावी, तिच्यासाठी दोन युरो टेबलावर ठेवावेत. शहर कालव्यांवर तरलेले दिसते. ते तोलून धरणारे हात तिचे आहेत.