नाटक लिहायला शिकवता येते काय?

नाटककार हा जन्मावा लागतो, तो शाळेत घडवता येत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याकडे लोक संशयानेच पाहतात. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण असे म्हणत नाही. गळा देवाने दिला, तरी तो तयार करायला गुरू लागतो, हे सर्वांना मान्य असते. मग नाट्यलेखनालाच तालीम का नसावी? या प्रश्नासाठी अमेरिकेतील एका वर्गाची हकीकत सांगणे आम्हांला सोयीचे वाटते. कारण तिच्यात यश आहे, तशी फजितीही आहे.

जॉर्ज पिअर्स बेकर हे हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते तेथे नाट्यलेखनाचा वर्ग घेऊ लागले. अभ्यासक्रमात त्या वर्गाचा क्रमांक ४७ होता. १९१२ साली या वर्गाला जोडून त्यांनी प्रयोग करणारी एक कार्यशाळा काढली, आणि तिचे नावही '४७ वर्कशॉप' असेच पडले. विद्यार्थ्याने आधी एखाद्या कथेवरून एकांकिका करावी, मग स्वतःची लिहावी, आणि त्यानंतर मोठ्या नाटकाला हात घालावा, असा क्रम असे. संवाद लिहिण्यापूर्वी प्रवेशांचा तपशीलवार आराखडा द्यावा लागे. निवडक नाटकांच्या तालमी होऊन लहानशा रंगमंचावर त्यांचे प्रयोग होत.

या प्रयोगांना तिकीट नव्हते; निमंत्रण होते. पण फुकट म्हणावे, तर तसेही नव्हते. नाटक पाहणाऱ्याने थोड्याच दिवसांत आपला अभिप्राय लेखी पाठवायचा, ही प्रवेशाची अट. बेकर त्या कागदांवरची नावे काढून टाकीत आणि मग ते लेखकाच्या हाती देत. लेखक ते घेऊन पुन्हा लिहायला बसे. आमच्या मते सगळ्या योजनेतील खरी शिकवण येथे आहे. गुरूच्या टीकेला शिष्य मनातल्या मनात उत्तरे देऊ शकतो. पण दुसऱ्या अंकात नायिका का रडते ते कळले नाही, असे वीस अनोळखी माणसांनी लिहिले, तर उत्तर कोणाला देणार?

कागदावर न दिसणारे दोष तालमीत दिसतात, ते कसे? समजा, प्रवेशात चार पात्रे आहेत आणि त्यांतले एक दोन पाने बोलतच नाही. वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही. मंचावर मात्र तो बिचारा नट हात कुठे ठेवावेत या विवंचनेत उभा असतो. चहा आणायला आत गेलेली सून तीन वाक्यांत कपबशा घेऊन परत येते; कागदावर ते खपते, मंचावर हशा होतो. एकच वाक्य नट पुन्हा पुन्हा चुकू लागला, तर दोष बहुधा पाठांतराचा नसतो, वाक्याचा असतो.

नाट्यवाचन हे तर त्याहून कठोर. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. नट हातात संहिता घेऊन बसलेले, आणि एकजण रंगसूचना वाचतो आहे. दोष लपवायला काहीच नाही. नाटक कुठे सैल पडले हे लेखकाला कोणी सांगावे लागत नाही. खुर्च्यांची कुरकुर आणि खोकले ते सांगतात.

आपल्या मंडळींना हे अगदी अपरिचित होते असे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले ते पहिल्या तीनच अंकांनिशी. पाच अंकी नाटक पुढच्या वर्षी झाले. किर्लोस्कर स्वतः लेखक, नट आणि तालीम देणारे होते. नाटक मंडळी हीच त्यांची कार्यशाळा. फरक एवढाच की, मंडळीत शिरकाव झाला तरच ती विद्या मिळे. बेकरांनी ती विद्यापीठात आणली.

आता फजितीकडे वळू. १९१४ साली यूजीन ओनील या वर्गात आले. त्यांच्यापाशी खलाशांच्या जीवनावरची एक एकांकिका होती, 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ'. हे मुळी नाटकच नव्हे, असे बेकरांचे मत पडल्याचे ओनील यांनीच पुढे सांगितले. १९१६ साली प्रॉव्हिन्सटाउन येथे धक्क्यावरच्या एका जुन्या इमारतीत तिचा प्रयोग झाला आणि ओनील यांची रंगभूमीवरील कारकीर्द सुरू झाली. १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे शिकवणे फुकट गेले काय? ओनील तसे मानीत नव्हते. बेकरांविषयी त्यांनी कृतज्ञताच व्यक्त केली. आम्हांला यातून इतकेच दिसते की, गुरूने कागदावर दिलेला निकाल चुकू शकतो, म्हणूनच प्रयोग हवा.

उलट टॉमस वुल्फ यांचे 'वेलकम टु अवर सिटी' १९२३ साली याच कार्यशाळेने केले. नाटक फार लांबले, आणि काटछाट करणे वुल्फ यांच्या जिवावर येई. पुढे ते कादंबरीकार झाले आणि त्यांनी कादंबरीत बेकरांचेही चित्र काढून ठेवले. आपण नाटककार नव्हे हे वेळीच कळणे, हाही आम्ही शिक्षणाचाच लाभ समजतो.

हार्वर्डने नाट्यगृह दिले नाही. १९२५ साली बेकर येल विद्यापीठात गेले. त्याच येलच्या नाट्यविद्यालयाचे प्रमुख पुढे लॉइड रिचर्ड्‌स झाले. कनेक्टिकटमध्ये ओनील यांच्याच नावाने निघालेल्या केंद्रात नव्या नाटकांची वाचने ते घडवून आणीत. ऑगस्ट विल्सन यांची नाटके तेथून अनेकदा परत आली होती. १९८२ साली 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' स्वीकारले गेले, वाचले गेले, पुन्हा लिहिले गेले, आणि १९८४ साली येलच्या रंगमंचावरून ब्रॉडवेला पोचले.

आपल्याकडेही आता नाट्यवाचने होतात. त्यांना आम्ही जातो. वाचन संपले की मंडळी 'छान झाले' म्हणतात आणि चहाकडे वळतात. लेखक वही उघडून बसलेला असतो. त्या वहीत 'छान' या शब्दाचे करायचे काय, हे त्याला कळत नाही. अमुक ठिकाणी माझे लक्ष उडाले, अमुक माणूस मला खोटा वाटला, एवढी दोन वाक्ये कोणी चिठ्ठीवर लिहून दिली, तर तो ती खिशात घालून घरी नेतो आणि त्याच रात्री तिसरे पान फाडतो.