मेंदूखालची मोहरी

विदर्भातल्या एका वाचकाने विचारलंय : शेततळ्यात सोडलेले रोहू-कटला चांगले पोसले, पावसाळ्यात माद्यांची पोटंही टम्म फुगतात, पण पिल्लू एकही दिसत नाही. तळ्यात काही दोष आहे का?

तळं बिचारं निर्दोष आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीतले. साचल्या पाण्यात ते वाढतात, अंड्यावर येतात, पण अंडी सोडायला त्यांना पूर लागतो. नवं वाहतं पाणी, थोडा गारवा, काठावर पसरलेला उथळ पूर, हे सगळं जुळून आलं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि पुढचं काम होतं. तळ्यात तो इशाराच मिळत नाही. तयार अंडी पोटातच जिरतात.

त्यामुळे पूर्वी आपली गोड्या पाण्यातली मत्स्यशेती जवळजवळ सगळी नदीच्या मर्जीवर चाले. पुरात बारीक जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, गोळा करायचे आणि दूरदूर धाडायचे. त्यात मरळ-शिवड्यासारख्या शिकारी माशांची पिल्लंही येत. कुणी कुणाला खाल्लं, ते तळं आटल्यावर कळायचं!

ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावलं होतं. आपल्या कार्पवर, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांवर, ही युक्ती चालवून दाखवली हीरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांना आणि के. एच. अलिकुन्ही यांना यश आलं.

साधनं किती साधी होती पाहा. माशाची कवटी वरून तासायची, मेंदू अलगद बाजूला करायचा. खाली हाडाच्या खळग्यात मोहरीएवढा पांढुरका कण दिसतो. तो न फोडता चिमट्याने उचलायचा आणि अल्कोहोलमध्ये ठेवायचा. लागेल तेव्हा पाण्यात घोटायचा, चोथा खाली बसवून वरचा निवळ अर्क प्रजननासाठी निवडलेल्या माशाच्या स्नायूत टोचायचा. मादीला दोनदा, नराला एकदा. मग जोडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायची. मादीच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर साधारण चार-सहा तासांत अंडी! एरवी कचऱ्यात जाणाऱ्या मुंडक्यांतून सापडलेली ही किल्ली मला आजच्या कुठल्याही यंत्राहून मोलाची वाटते.

१० जुलै आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीच्या किती फलकांवर चौधुरींचं नाव असतं? चर्चा असते ती कमी पाण्यात दाट मासे वाढवणाऱ्या बायोफ्लॉकच्या टाक्यांची. तंत्र खोटं नाही, पण दाट भरलेल्या टाकीत वीज गेली आणि हवा थांबली, तर काही तासांत मासे पोट वर करतात. जाहिरातीत जनरेटरचा खर्च दिसत नाही.

चौधुरींच्या यशालाही एक कीड लागली आहे. संप्रेरकाचं इंजेक्शन आता तयार बाटलीत मिळतं, प्रजनन सोपं झालंय. मग काही बीजकेंद्रं वर्षानुवर्षं त्याच मोजक्या माशांकडून जिरे काढतात. जवळच्या नात्यातली ही पैदास पुढे खुरटते. कुठे रोहू-कटला एकाच कुंडात सोडल्याने संकरित पिल्लंही शुद्ध म्हणून खपतात. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने पिढ्यान्पिढ्या निवड करून वेगाने वाढणारा ‘जयंती रोहू’ तयार केला, तो याच्या नेमक्या उलट्या वाटेने. तेव्हा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना दराआधी विचारा, प्रजनक मासे कुठून आणलेत आणि शेवटचे कधी बदललेत.